एनेको म्हणजे माझा इवलुसा

सन बाराशे सोळा, हिवाळा. पहिला बर्फ पडला त्या दिवशीची ही गोष्ट.

स्पेनच्या उत्तरेला, बास्क लोकांच्या मुलखात डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. तिथली रीत अशी, की सगळ्यात जवळचं घर ते पहिला शेजारी. अडचणीत त्यानं न बोलावता यायचं.

त्या दिवशी गार्सेया म्हाताऱ्याला नातू झाला. मुठीएवढा. आई तापानं फणफणलेली, अंगावर दूध नाही. म्हातारा म्हणाला, "नाव ठेवू नका. जगला तर बघू."

पहिली शेजारीण ओचांदा. एकटी बाई, घरी एकच मेंढी. ती लाकडी भांड्यात दूध घेऊन बर्फातून आली. लाकूड विस्तवावर ठेवता येत नाही, म्हणून तिनं गोटा लाल तापवला आणि दुधात सोडला. चर्र झालं. दूध उकळलं.

"नाव नाही म्हणे! मग हाक काय मारू, तुमचं कपाळ?" ती म्हाताऱ्यावर खेकसली. पोराला म्हणाली, "पी रे, एनेको." त्यांच्या भाषेत एनेको म्हणजे माझा इवलुसा.

चाळीस दिवस ती रोज आली. पोर जगलं. हाक होती तेच नाव झालं.

मग पोर जे वाढलं! बैल दमला की त्याच्या जागी हा जुंपून घ्यायचा, असं म्हणतात. जत्रेत कुणी नाव विचारलं की सगळी जत्रा हसायची. सगळ्यात मोठ्यानं तोच.

एका वसंतात बर्फ वितळला, डोंगरावरून धोंडा घरंगळला आणि ओचांदाच्या दाराला टेकला. म्हातारी आत. सहा बैलजोड्या लावल्या, दोर तुटले. तिसऱ्या दिवशी एनेको कुरणातून खाली धावत आला.

"आई, आहेस ना?" ओचांदाला तो आईच म्हणायचा.

"आहे. भुकेनं मरतेय."

त्यानं धोंड्याला मिठी घातली.

"इवलुशा, जपून रे! पाठीत उसण भरेल!"

रडणारं गाव खो खो हसलं. त्यानं धोंडा खांद्यावर घेतला आणि जत्रेच्या माळावर नेऊन टाकला. त्या हादऱ्यानं चर्चमधली घंटा आपोआप वाजली, असं म्हणतात.

धोंडा अजून तिथंच आहे. गावात मूल जन्मलं की पहिला शेजारी गोट्यानं दूध तापवून आणतो, आणि नाव ठेवीपर्यंत बाळाला एनेकोच म्हणतात.

त्या दिवशी मात्र एनेको शाबासकीला थांबला नाही. घरून दूध घेतलं आणि थेट ओचांदाच्या चुलीशी गेला. गोटा तापवला, दुधात सोडला. चर्र झालं.

म्हातारीनं भांडं रिकामं केलं. तोंड पुसलं.

"फिटलं," ती म्हणाली.