बाभळीभोवतीच्या फेऱ्या

दोष सगळा कोशाचाच होता. म्हातारा होता म्हणून ते झाकायचं काही कारण नाही.

गावोगाव लाकडी घाणे करकरत होते, तेव्हाचा हा बैल. बारा वर्षं डोळ्यांना झापडं बांधून गोल फिरला आणि त्याचे गुडघे सुजले. भिवा तेल्याने झापडं सोडून त्याला नदीकाठच्या कुरणात नेलं. म्हणाला, "बाबा, महिनाभर चर, बस, बरा हो. आता सूज उतरली नाही तर गुडघे कायमचे जातील."

कोशाने एक बाभूळ हेरली, डोळे मिटले आणि तिच्याभोवती फिरायला लागला.

पाय मुरगळलेली चित्री कालवड तिथेच चरत होती. "आजोबा, इथं घाणा कुठाय? डोळे तरी उघडा! पाणी कसलं गार आहे, गुडघाभर उभे राहा."

"कालची पोर तू, मला शिकवतेस?" कोशा फुरफुरला. "आम्ही असे पाण्यात उभे राहिलो असतो, तर गावाला तेल दिसलं नसतं. कुरणात आलोय ना? हवा लागतेय तेवढी बास."

"तुम्ही कुठं आलाय? तुम्ही अजून भिवाच्या घाण्यावरच आहात."

पंधरवड्यात चित्री उड्या मारायला लागली. कोशा रोज संध्याकाळी तिला फेऱ्यांचा आकडा ऐकवायचा. बाभळीभोवती गोल वाट पडली, तिथलं गवत मेलं.

महिन्याने भिवाने हाक मारली. कोशाने डोळे उघडले, एक पाऊल सरळ टाकलं आणि खाली कोसळला.

त्याचे दोन्ही गुडघे कायमचे गेले होते.