देणारी बॅटरी

"...आणि कोण कोणाला देतं, हे ठरवतं कोण?" नागेशगिरी महाराजांनी विचारलं.

मठाच्या मागच्या पडवीत उद्धव उकिडवा बसला होता. समोर दोन बॅटऱ्या. एक जुनी, टोकांवर पांढरा बुरा चढलेली. दुसरी नवीकोरी, परभणीच्या एका भक्ताने सकाळीच पाठवलेली. दिवस कलायला आला होता.

"ठरवायचं काय त्यात, महाराज? भरलेली रिकामीला देते. दोन टाक्या खालून नळीने जोडल्या की पाणी जसं एका पातळीला येतं, तसं. आधी जोरात जातं, वायरसुद्धा तापते. मग ओढ कमी होत जाते. दोघींचा दाब सारखा झाला की थांबतं."

"मग जोड की."

"नको. जुनी नवीला पिऊन टाकेल."

मठात येण्याआधी उद्धव आयटीआयमध्ये शिकवायचा. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. जुन्या बॅटरीच्या गळ्यात नवी बांधू नये, हे त्याने मुलांकडून घोकून घेतलं होतं.

महाराज पायरीवर टेकले.

खरं तर बॅटऱ्यांचं काम आजच करायला हवं होतं असं नाही. पण सकाळी भिकाजीबुवांची भाची सुभद्रा येऊन गेली होती, आणि तेव्हापासून उद्धवला एका जागी बसवत नव्हतं.

भिकाजीबुवा मठातले सर्वांत जुने साधक. त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उभ्या जन्मात पाठ केलेली पोथी जिभेवरून पुसली गेली. महाराजांनी उद्धवला त्यांच्याशेजारी बसवलं. रोज पहाटे एक ओवी उद्धवने म्हणायची, पुढची बुवांनी. बुवा अडखळायचे. एकाच ओवीपाशी पुन्हा पुन्हा थांबून विचारायचे, मास्तर, हे असं का म्हटलंय हो? उद्धव समजावून सांगायचा, आणि आजचीही पहाट वाया गेली म्हणून मनातल्या मनात चडफडायचा.

शेवटी तो महाराजांकडे गेला. बुवांच्या पायी माझा अभ्यास खुंटलाय, मला वेगळं बसू द्या, म्हणाला. महाराज नुसतं 'बरं' म्हणाले.

बुवांनी तक्रार केली नाही. काही दिवस ओसरीत एकटेच बसले. मग भाचीकडे, गावी निघून गेले.

आज ती सांगायला आली होती, की मामा वारले.

निघता निघता तिने आणखी एक सांगितलं. मामा शेवटपर्यंत पहाटे उठून बसत. एक ओवी म्हणत, आणि गप्प होत... शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघत. मग पुढची म्हणत. घरच्यांना वाटायचं, विसरतात.

मधली ओवी कोणाची होती ते उद्धवला कळलं.

"जोड," महाराज पुन्हा म्हणाले.

गुरूचा शब्द. उद्धवने मायनसला मायनस जोडली. प्लसच्या वाटेत एक मीटर घातला, ट्रॅक्टरवर असतो तसा, मधोमध शून्य असलेला. काटा उजवीकडे गेला तर नवी देतेय, डावीकडे गेला तर जुनी, त्याने सांगितलं. डावीकडचं आपलं सांगायचं म्हणून सांगितलं.

शेवटची वायर टेकवली. बारीकशी ठिणगी उडाली.

काटा डावीकडे गेला.

उद्धवने वायरी सोडल्या, टोकं तपासली, पुन्हा जोडल्या. काटा डावीकडेच.

महाराजांनी हात पुढे करून वायर चिमटीत धरली. ती कोमट झाली होती.

"काय झालं?"

उत्तर उद्धवला ठाऊक होतं, म्हणूनच तोंडातून निघायला वेळ लागला. नवी दुकानात पडून होती. नुसती ठेवली तरी बॅटरी उतरत जाते. जुनी दिवसभर उन्हातल्या सोलर पॅनलला जोडलेली होती. तिच्यात मावतं थोडंच, पण जे मावतं तेवढं ती भरलेली होती.

"मी आधी मोजलंच नाही," तो म्हणाला. "नवी म्हणजे भरलेली, असं धरून चाललो."

काटा सावकाश शून्याकडे परतत होता. दोघं त्याच्याकडे बघत राहिले.

"बुवा गावी गेल्यापासून..." उद्धव खाली मान घालून बोलू लागला. "पोथी उघडतो. वेळ भरपूर असतो. कोणी अडत नाही, कोणी काही विचारत नाही... आणि एक ओवी आत उतरत नाही. मला वाटायचं, मी देतोय."

वायर अजून महाराजांच्या बोटांत होती.

उद्धवने मान वर केली. "तुम्ही तर रोज बघत होतात, महाराज. मी वेगळं बसायचं म्हटलं, तेव्हा 'बरं' का म्हणालात? एकदा मला अडवलं असतंत, तर..."

वायर गार झाली. महाराजांनी ती अलगद खाली ठेवली.

"तेव्हा मलाही वाटलं होतं, की देणारा तूच आहेस."