पुजाऱ्यानं पाय धुतले त्याची गोष्ट

एकदा काय झालं, लांब तिकडे ग्रीस देशात, डोंगराच्या कुशीत डोडोना नावाचं गाव होतं. तिथं होतं एक ओकचं झाड. केवढं? दहा माणसांनी हात धरून वेढा घातला तरी कवेत येणार नाही, एवढं! आणि ते बोलायचं, बरं का. तिकडचा विजांचा देव झ्यूस, त्याचं झाड ना ते! वारा आला की पानं सळसळायची, फांद्यांवरची काळी कबुतरं घुमायची. पण देव काय म्हणतोय ते फक्त पुजाऱ्यालाच कळायचं.

पुजारी होता फिलोन. त्याला नियम मोठा कडक. पाय धुवायचे नाहीत. कध्धीच नाही! अनवाणी हिंडायचं, जमिनीवर झोपायचं. हसतेस काय गं? वीस वर्षांचा मळ होता! आधी वास यायचा, मग फिलोन यायचा.

लोक काय वाट्टेल ते विचारायचे. माझी गोधडी कुणी चोरली? बायको रुसलीय, कधी येईल? फिलोन ऐकून सांगायचा नि ते तस्संच निघायचं.

मग फिलोनच्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. नवऱ्याच्या आईनं निरोप धाडला, "भावाला म्हणावं, पाय धुऊन ये. नाहीतर पाहुणे पळतील." बहीण मुसमुसायला लागली. "दादा, एकदाच रे! माझ्यासाठी!"

मग काय, लग्नादिवशी सकाळी फिलोन गुपचूप ओढ्यावर गेला. घासघासून पाय धुतले. ओढा काळा झाला, मासे खोकायला लागले! आणि आतून निघाले काय, तर गोरेपान, मऊमऊ पाय, बाळाचे असतात ना, तसे. त्यांना त्यानं तेल चोळलं, नव्या वहाणा घातल्या नि वर झगा ओढला.

निघणार, तोच मेंढ्या राखणारी थिओना धापा टाकत आली. "पुजारीबुवा! माझी पोर मिर्टो कोकरामागे डोंगरात गेली ती आलीच नाही. वर बर्फ पडतोय! वाटा तीन नि मी एकटी. झाडाला विचारा, कुठल्या वाटेनं जाऊ?"

फिलोननं विचारलं. झाड नुसतं सळसळलं. मग त्यानं बुंध्याला कान लावला. काही नाही! मग मिठी मारून विचारलं. तरी काही नाही!

"काय म्हणालं?" थिओनानं विचारलं.

आता द्यावी का एक वाट ठोकून? कुणाला कळणार? त्यानं तोंड उघडलंसुद्धा. पण थिओना पदर खोचून पळायच्या तयारीत उभी. तो म्हणेल तिकडे ती धावणार होती. फिलोननं मान खाली घातली नि हळूच झगा वर उचलला.

"बाई, मी पाय धुतले."

"अरे मेल्या! आजच सुचलं होय तुला?" थिओनानं त्याला बखोटीला धरून ओढलं.

मग तिनं त्याच्या वहाणा फेकल्या नि त्याला धुळीत नाचवलं. झाड म्हणालं, "हं." मग ओढ्याच्या चिखलात उभं केलं. झाड म्हणालं, "कोण?" मग तिनं त्याला ढकललं थेट मेंढवाड्यात! गुडघाभर लेंड्या! तसाच पचपच करत तो धावत आला नि मुळांवर पाय रोवले. आणि काय सांगू! मुळांतून गुदगुल्या वर चढल्या, झाड गदागदा हसलं.

"आलास होय रे फिलोन? केव्हाच्या हाका मारतोय! पळा त्या कबुतरामागे. पळा!"

फडफड! काळं कबूतर उडालं. पुढे कबूतर, मागे थिओना, तिच्यामागे पचपच पचपच फिलोन. मधली वाट, मग खडक, मग बर्फच बर्फ! आणि एका कपारीत कोण? मिर्टो! ओठ निळे पडलेले, कोकरू पोटाशी धरलेलं.

"आई, मी नाही रडले," ती म्हणाली. "कोकरू रडत होतं."

मग फिलोननं मिर्टोला खांद्यावर घेतलं नि थेट लग्नघर गाठलं. पाय? पायांकडे बघायला वेळ होता कुणाला! नवऱ्याच्या आईनं नाक दाबलं. "अगं बाई, हे काय आलंय?"

"माझा दादा आलाय," बहीण म्हणाली नि तिनं त्याला आपल्याशेजारी बसवलं. मिर्टोला मध घालून गरमगरम पेज दिली. कोकरानं नवरीचा हार खाल्ला.

झालं! सगळे सुखात राहिले, फक्त जरा नाक दाबून. आणि तुम्ही रे? तसेच कुठे घुसताय पांघरुणात? तुम्ही काय झाडाचे पुजारी लागून गेलात? उठा, पाय धुवा नि गपचूप झोपा!