पहिली धार थोरलीची

डोंगराच्या पायथ्याशी एका खेड्यात कोंडिबा नावाचा गवळी राहायचा. माणूस कष्टाळू, पण धीर म्हणून नाही. गाईची कास जरा सुजली की गोठ्यात येरझारा सुरू. मग कुणाला न विचारता स्वतःच सुई टोचायची, आणि सूज उतरली की उरलेलं औषध पुढच्या खेपेला ठेवून द्यायचं.

एकदा पहिल्या वेताच्या तांबूची कास दगडासारखी झाली. कोंडिबाने सुई टोचली. उतार पडेना. पुन्हा टोचली, तर दुधात गुठळ्या दिसू लागल्या. तांबूवर त्याचा फार जीव. त्याला बसवेना, उठवेना, घास गिळवेना. शेवटी गुरांच्या डॉक्टर मंदाकिनीबाईंना बोलावणं गेलं.

"बाई, ह्याच्यापेक्षा जालीम औषध द्या की!"

"अर्धवट सुया टोचून जंतू निर्ढावलेत. या औषधाला आता जुमानत नाहीत. दुसरं देते, तेवढं पूर्ण करायचं. पण उद्या तेही चालेनासं झालं तर? आधी मला धार काढून दाखवा."

कोंडिबा म्हाताऱ्या गंगी गाईपाशी बसला. "आमच्याकडं पहिली धार थोरलीची, बाई. आईपासूनचा रिवाज हाय." गंगीची कास पुसून धार काढली आणि तेच फडकं घेऊन तो पुढच्या गाईकडे वळला.

बाईंनी प्रत्येक गाईचं दूध तपासलं. गंगीची कास मऊ होती, तरी दोष तिच्या दुधात निघाला.

"रोग गंगीत दडलाय. तुमचे हात आणि हे फडकं रोज तो रोग सगळ्या गाईंना वाटतात. आता निरोगी गाई आधी, मग तांबू, गंगी सगळ्यांत शेवटी. फडकं प्रत्येकीचं वेगळं, हात दरवेळी धुवायचे, गोठा कोरडा ठेवायचा. रोगच झाला नाही, तर सुई लागेल कशाला?"

दुसऱ्या सकाळी बादली दिसताच गंगी हंबरली. कोंडिबा तिच्याकडे निघाला, थबकला, परत फिरला. आईने दिलेला मान आपल्या हाताने काढून घ्यायचा? पण तो तिच्याकडे न बघता दुसऱ्या गाईपाशी बसला. गंगी हंबरतच राहिली.

पुढे गोठ्यात कुणाची कास सुजली नाही. तांबूही वाचली, पण तिचा एक सड कायमचा आटला. वासरू अजून त्याच सडाला आधी तोंड लावतं, ढुशा देतं आणि मग दुसऱ्याकडे वळतं. कोंडिबाला ते बघवत नाही.

तात्पर्य: रोगाची वाट बंद करण्याचा कंटाळा करून जो ऊठसूट औषधावर भिस्त ठेवतो, त्याला खऱ्या गरजेच्या वेळी औषधही साथ देत नाही.