रिकाम्या खड्ड्याचं काम

त्या दिवशी माळावर असा गारठा होता, की मेंढ्यासुद्धा एकमेकींच्या अंगात शिरून उभ्या होत्या. अशा थंडीत राजा आपल्या शिपायांना घेऊन धुळाबा धनगराच्या तळावर आला. सगळ्यांना घोंगड्या हव्या होत्या.

तळावर ओळीने तीन खड्डे होते. राजाच्या कारभाऱ्याने मागेच येऊन मागणी त्यांत मांडून ठेवली होती. उजवा खड्डा सुट्यांचा, मधला दहांचा, डावा शेकड्यांचा. डाव्यात तीन खडे, उजव्यात पाच. म्हणजे तीनशे पाच घोंगड्या! धनगरांची रीतच तशी, खडे सांगतील तेवढंच द्यायचं.

"मधला खड्डा रिकामा का?" राजा गरजला.

"ते शून्य, महाराज," कारभारी म्हणाला. "म्हणजे काहीच नाही."

"माझ्या राज्यात नुसतं बसून राहणारा कुणी नको! बुजवा तो!"

धुळाबाची लेक ठकू पुढे झाली. "नका जी महाराज, तो कामाचा आहे."

"रिकामा आणि कामाचा? मग दाखव त्याचं काम! नाही दाखवलंस, तर तुमचं कुरण उद्यापासून माझ्या घोड्यांना!"

धुळाबाचं तोंडच उतरलं. कुरण गेलं, तर मेंढ्यांनी खायचं काय? ठकूने मात्र शांतपणे खड्ड्यात माती लोटली, वर पाय आपटून दाबली आणि घोंगड्या मोजायला बसली. पस्तीस झाल्या, आणि तिने हात झटकले.

"बाकीच्या कुठायत?"

"कसल्या बाकीच्या? सुट्यांच्या शेजारचं घर दहांचं. त्यात खडे तीन. झाले तीस, आणि हे पाच!"

"अगं, तो शेकड्यांचा खड्डा!"

"शेकडा तिसऱ्या घरात राहतो, महाराज. आता घरं आहेत दोनच!"

मागे शिपायांचे दात कडकड वाजत होते. "पोरी, आमच्या घोंगड्या गेल्या तरी कुठं?" त्यातला एक कळवळला.

"त्या बसून राहणाऱ्याबरोबर गेल्या, काका! तो बिचारा काही करत नव्हता, नुसती जागा धरून होता. म्हणून तर हे तिघे शेकड्यात मिरवत होते!"

राजाने खड्ड्यांकडे पाहिलं, शिपायांकडे पाहिलं, आणि पागोटं घसरेपर्यंत हसला. "उकरा रे तो खड्डा! कारभारी, तुम्हीच उकरा!"

कुरण कायमचं ठकूच्या नावावर झालं. वर राजाने अंगावरची शाल तिच्या खांद्यावर घातली.

राजाची स्वारी गेली, तसा शेजारचा म्हाकू हळूच धुळाबाजवळ सरकला.

"धुळाबा, आमचे जावईबापू वर्षभर रिकामेच बसलेत. त्यांना कुणाच्या शेजारी बसवू, तेवढं ठकूला विचारून सांग की!"