पडण्याआधीची आरोळी

फार वर्षांमागे, रानं मोठी होती आणि गावं लहान, तेव्हा एका डोंगराच्या पायथ्याशी वीस-पंचवीस उंबऱ्यांचं गाव होतं. तिथे येसबा नावाचा तिरंदाज राहत होता. उडतं पाखरू तो एका बाणात पाडायचा. लोक वाहवा करत आणि येसबाला ती गोड लागे. कोणाला लागत नाही?

ही विद्या त्याला शिकवली होती थोरल्या भावाने, कोंडबाने. पुढे कोंडबाची नजर अधू झाली. मग त्याने धनुष्य बाजूला ठेवलं आणि शिकारीच्या हाक्याचा ढोल गळ्यात घेतला.

त्या वर्षी कळपातून फुटलेला एक गवा हात धुऊन गावाच्या मागे लागला. उभी नाचणी त्याने तुडवली. पाणवठ्यावर गेलेल्या एका माणसाला शिंगावर घेतलं. तेव्हा हाका घालून त्याला मारायचं असं गावाने ठरवलं.

हाक्याची रीत पक्की होती. ढोल वाजवत, ओरडत जनावराला मचाणाकडे रेटायचं. ते टप्प्यात आलं की ढोल बंद करून सगळ्यांनी झाडांवर चढायचं. मचाणावरच्या तिरंदाजाने 'पडला' अशी आरोळी दिली, तरच खाली उतरायचं. ती आरोळी देण्याचा मान एकट्या तिरंदाजाचा.

निघताना कोंडबा म्हणाला, "येसबा, गव्याच्या कपाळाच्या वाटेला जाऊ नको, तिथं नुसतं हाड. पोटात मारशील तर तो मरायला वेळ घेईल आणि तेवढ्यात चार माणसं मारील. त्याला आडवा होऊ दे. पुढचा पाय पुढं टाकू दे. त्या पायाच्या मागं, कोपराच्या जरा वर, तळहाताएवढी जागा उघडी पडते. काळीज तिथं."

"दादा, हे किती वेळा सांगशील?" येसबा हसला.

"तुला घाई आहे तोवर सांगणार."

सकाळी हाका सुरू झाला. ढोल जवळ आले, थांबले, आणि झाडीतून गवा बाहेर पडला. येसबाने गवा लांबून पुष्कळदा पाहिला होता, पण इतक्या जवळून कधी नाही. बापरे, केवढं ते जनावर! येसबाच्या छातीत असं धडधडू लागलं की मचाणच हलतंय असं वाटलं.

गवा तिरपा उभा होता. पुढचा पाय मागे होता. एक पाऊल, फक्त एक पाऊल त्याने टाकायला हवं होतं. पण झाडाझाडांवरून सगळा गाव आपल्याकडे बघतोय, हे येसबाच्या मनातून जाईना. एवढा वेळ का लावतोय, असं म्हणत असतील, असं त्याला वाटलं. त्याने बाण सोडला.

बाण पोटात घुसला. गवा पुढच्या गुडघ्यांवर आला, उठला आणि कारवीच्या दाट जाळीत शिरला. आत फांद्या मोडल्याचा मोठा आवाज झाला. मग सगळं शांत झालं.

येसबाने गुडघे टेकलेले पाहिले होते. पडलेला गवा काही पाहिला नव्हता. तरी त्याच्या तोंडून आरोळी गेली, "पडला."

सगळ्यात आधी उतरला तो कोंडबा. त्याला बिचाऱ्याला दहा पावलांपलीकडचं दिसत नव्हतं, भावाच्या शब्दावरच त्याची सगळी भिस्त. खुशीत ढोल बडवत तो थेट जाळीकडे चालू लागला.

कारवी फोडून गवा बाहेर आला आणि त्याने कोंडबाला शिंगावर घेतलं. येसबाच्या डोळ्यांसमोर ते घडलं आणि त्याला कळलंच नाही की काय घडतंय. भात्यात बाण होते, पण हात उठेनात. गवा निघून गेला तरी तो तसाच बसून होता. खाली कोंडबा हलत नव्हता.

दुपारी गवा ओढ्यात मेलेला सापडला. सगळे तेवढा वेळ झाडांवर बसून राहिले असते, तर कोंडबा घरी जेवायला गेला असता.

संध्याकाळी वहिनीने येसबाला विचारलं, "भावजी, त्यांना तर नीट दिसत नव्हतं. तुम्ही पडला म्हणालात म्हणून ते उतरले. तुम्ही पडलेला पाहिला होता ना?"

"नाही, वहिनी."

ती उठून आत गेली. येसबाला वाटलं, हिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

गावाने त्याला शिक्षा केली नाही. दोन वर्षांनी दुसरा गवा आला तेव्हा मचाणावर त्यालाच बसवलं, कारण तसा नेम दुसऱ्या कोणाचा नव्हता. या वेळी येसबा थांबला. गवा आडवा झाला, पुढचा पाय पुढे पडला, आणि बाण बरोबर त्या तळहाताएवढ्या जागेत गेला. गवा जागीच कोसळला. येसबाने त्याचा श्वास थांबेपर्यंत वाट पाहिली आणि मग आरोळी दिली.

एकही माणूस खाली उतरला नाही.

त्याने पुन्हा आरोळी दिली. झाडं भरलेली होती, पण कोणी हललं नाही. शेवटी एक म्हातारा खाली आला. त्याने लांबूनच गव्याला भाला टोचून पाहिला आणि म्हणाला, "पडला." तेव्हा कुठे सगळे उतरले.

तात्पर्य : मन ठिकाणावर नसेल तर बाण सोडू नये, आणि डोळ्यांनी पाहिल्याशिवाय शब्द तर मुळीच सोडू नये.