रानमांजरीच्या पंजाचे चित्र

एका जंगलाच्या उतारावर, करंजाच्या जुन्या झाडाच्या मुळांमध्ये उंदरांची एक वस्ती होती. त्या वस्तीची एक रीत होती. पिल्ले पहिल्यांदा बाहेर पडण्याआधी त्यांना बिळाच्या तोंडाशी असलेल्या सपाट दगडापुढे बसवत. दगडावर शत्रूंची चित्रे काढलेली असत. घारीची चोच, धामणीचे डोके आणि रानमांजरीचा पंजा. "हे जिथे दिसेल तिथून मागे फिरायचं," एवढाच धडा. पावसाळ्यात चित्रे पुसट होत, म्हणून पाऊस सरला की ती नव्याने काढावी लागत. हे काम वस्तीतल्या एका उंदरिणीकडे होते.

उंदरीण मोठी मेहनती होती. वणव्यात जळालेल्या काटक्यांचा कोळसा ती जपून ठेवी आणि तांबडी माती पाण्यात कालवून रंग करी. त्या वर्षीचा पंजा पाहून तर सगळ्यांच्या अंगावर काटाच आला. पाच फाकलेली बोटे, प्रत्येक बोटाला विळ्यासारखे वाकडे नख, आणि नखांच्या टोकांवर तांबडे थेंब. वस्तीतला सर्वांत म्हातारा उंदीर मिशा थरथरवत म्हणाला, "वा गं पोरी! याला म्हणतात पंजा. पोरं जन्मात विसरायची नाहीत."

करंजावर राहणारी खार तेवढ्यात खाली उतरली होती. मान वाकडी करून ती म्हणाली, "चित्र झकास आहे हो. पण कुणाचं?"

"कुणाचं म्हणजे? रानमांजरीचा पंजा आहे तो!"

"असेल बाई. मी रोज वरून बघते तिला. मला तरी कधी असा दिसला नाही."

"वरून काय दिसणार डोंबल!" उंदरीण फणकाऱ्याने म्हणाली.

मुलांनो, खरे म्हणजे उंदरिणीने रानमांजर कधी नीट पाहिलीच नव्हती. तिची आई जसा पंजा काढत असे, तसाच ती काढत आली होती. फक्त दरवर्षी नखे थोडी थोडी लांब करी. लांब नखांना शाबासकी जास्त मिळे.

मग एके दिवशी एक पिल्लू ओढ्यावर गेले आणि अर्ध्या शेपटीने परत आले. रानमांजरीने गवतातून झेप घेतली होती. शेजारीच खेकड्याचे बीळ होते, म्हणून जीव वाचला. पिल्लाची आई त्याची जखम चाटत होती आणि भोवती सगळी वस्ती जमली होती.

"चित्राकडे लक्षच दिलं नसणार यानं," म्हातारा उंदीर म्हणाला. "हल्लीच्या पोरांना एका जागी बसायला नको!"

"दिलं होतं, आजोबा," पिल्लू हुंदके देत म्हणाले. "चिखलात गोल गोल पावलं उमटली होती. मी वाकून बघितली. नखं कुठेच नव्हती. म्हटलं, ही काही रानमांजर नाही. म्हणून तर पुढे गेलो."

उंदरिणीने हे ऐकले आणि ती दगडाकडे बघत राहिली. गवताचे बी पिकून गळू लागले होते. उरलेली पिल्लेही आता बाहेर पडायची होती, आणि तीही हेच चित्र पाहून बाहेर पडणार होती. ती म्हाताऱ्याला म्हणाली, "आजोबा, पिल्लांना अजून सोडू नका. मी पंजा बघून येते."

"बघून येते? अगं, तो बघायला गेलेलं कुणी परत आलंय का?"

"मग आजवर आम्ही कुणाच्या सांगण्यावरून काढत होतो?" उंदरिणीने विचारले.

ती खारीकडे गेली. आपले चुकले असे तोंडाने म्हणणे तिला जड जात होते, म्हणून ती नुसतीच शेपटी आवळून उभी राहिली. खारीने तिला फार वेळ उभे ठेवले नाही. "चला चित्रकारबाई," ती म्हणाली, "वरून दिसत नाही म्हणता ना, खालूनच दाखवते. दुपारी ती खडकावर झोपते. खडकाला लागून करवंदीची जाळी आहे. तुम्ही काट्यांत बसा. ती हलली की मी वरून ओरडेन."

दुपारी उंदरीण जाळीत शिरून बसली. रानमांजर खडकावर झोपली होती, पण पुढचे पाय पोटाखाली दुमडलेले. पंजा दिसेचना. उंदरीण वाट बघत राहिली. पुष्कळ वेळाने मांजरीने कूस बदलली आणि एक पाय खडकावरून खाली सैल सोडला. उंदरिणीने काटकी घेतली आणि धुळीत रेघ ओढली. हात सवयीने नख काढायला गेला. तिने रेघ पुसली, पुन्हा वर पाहिले, पुन्हा ओढली, आणि पुन्हा नखच निघाले. डोळे एक पाहत होते आणि हात दुसरेच काढत होता. शेवटी ती स्वतःशीच पुटपुटली, "आधी नुसतं बघ. काढायचं नंतर."

मग तिला दिसले की पंजा फाकलेला नाहीच, तो गोलसर आहे. बोटे एकमेकांना चिकटलेली, त्यांतली मधली दोन जराशी पुढे. बोटांच्या मधे खोल चिरा नाहीत, केसांमुळे नुसत्या सावल्या पडल्या आहेत. पाचवे बोट इतरांच्या रांगेत नाहीच. ते वर, मनगटापाशी आतल्या बाजूला आहे. आणि नखे कुठे? ती शोधत होती, इतक्यात मांजर जागी झाली. तिने पाय ताणले. केसांच्या घडीतून नखे सरसर बाहेर आली, दगडावर खरखरली, आणि पुन्हा आत गेली. पंजा पहिल्यासारखा मऊ झाला.

"चिर्र! चिर्र!" वरून खार ओरडली. मांजरीला उंदराचा वास आला होता. ती जाळीपाशी आली आणि तिने काट्यांमधून हळूच एक पंजा आत घातला. आता तो उंदरिणीच्या अगदी नाकासमोर होता. मागे सरकायला जागा नव्हती. पण डोळे मिटले तर आले कशाला, असे म्हणून तिने ते उघडेच ठेवले. पंजाखालच्या काळ्या गाद्या तिला दिसल्या. बोटांच्या लहान गाद्या, त्यांमागे एक मोठी. तेवढ्यात मांजरीला काटा टोचला. पंजा मागे गेला. कंटाळून ती धुळीतून निघून गेली आणि मागे पावलांचे ठसे राहिले. गोल, गुळगुळीत, एकाही नखाची खूण नसलेले.

संध्याकाळी उंदरिणीने दगडाच्या दुसऱ्या बाजूला नवा पंजा काढला आणि त्याखाली चिखलात उमटतो तसा ठसा. तांबड्या रंगाला तिने हातही लावला नाही. वस्ती बघायला आली आणि कुजबूज सुरू झाली.

"हे काय? हा तर सावरीच्या कापसाचा बोळा!" एक उंदीर म्हणाला.

"याला कोण भिणार?" दुसरा म्हणाला. "पोरं याच्यावर डोकं ठेवून झोपतील."

म्हाताऱ्याने मान हलवली. "जुना बरा होता, पोरी. त्याच्याकडे बघितलं की अजून माझे केस उभे राहतात."

"आजोबा, तुम्ही रानमांजर किती जवळून पाहिली आहे?"

"मी? पाहिली नाही म्हणून तर जगलोय एवढा!" म्हातारा म्हणाला, आणि सगळे हसले. हसता हसता कुणीतरी म्हणाले, "पुसून टाका ते."

अर्ध्या शेपटीचे पिल्लू तेव्हा जुन्या चित्राखाली भावंडांशी खेळत होते. विळ्यासारख्या नखांवर उड्या मारत होते. पळता पळता ते दगडाला वळसा घालून या बाजूला आले आणि नव्या पंजासमोर थांबले. त्याचे अंग आक्रसले. एक एक पाऊल मागे घेत ते आईपाशी गेले आणि तिच्या पोटाखाली शिरले.

"काय रे? काय झालं?" आईने विचारले.

"हीच ती," आतून बारीक आवाज आला. "हीच आहे ती."

कुणाचेही हसू उरले नाही. म्हातारा उंदीर उठला, ओल्या शेवाळाचा गोळा घेऊन आला, आणि जुन्या चित्राची लांब नखे स्वतःच्या हाताने पुसू लागला. उंदरिणीने बिळातल्या पिल्लांना हाक मारली, "या रे सगळे. आज नीट बघायचं आहे."

तात्पर्य : संकटाचे चित्र भयंकर करून कुणी सावध होत नाही, ते खरे असावे लागते, म्हणून इतरांना ओळख करून देण्याआधी आपण स्वतः नीट पाहावे.